वसईचा तह नेमका कधी झाला? क्विझ शोमध्ये ‘बरोबर उत्तर’ ठरवतं कोण?

वसईचा तह कोणत्या साली झाला?
(अ) १५३४ (ब) १७३९ (क) १८०२ (ड) १८१८

आधी मनात उत्तर लॉक करा, मगच खाली स्क्रोल करा.

बहुतेकांनी ‘क’ म्हटलं असेल. स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये तेच असतं. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईत इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौज स्वीकारली. उत्तर बरोबर आहे.

पण ‘अ’ म्हणणाराही चुकलेला नाही. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज यांच्यात जो करार झाला, तोही इतिहासात वसईचा तह म्हणूनच ओळखला जातो. त्या करारानं वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. वसई किल्ल्यात फिरताना दिसणारी चर्चची पडकी भिंत त्याच कराराची पुढची गोष्ट सांगते. आणि कोणी फारच खोलात शिरलं तर ‘ब’चीही बाजू मांडता येईल, कारण मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी शस्त्रं ठेवली तेव्हा शरणागतीच्या अटी ठरल्या होत्याच.

हा प्रश्न आम्ही या लेखासाठी मुद्दाम बनवला आहे. पण समजा तो हॉट सीटवर आला, आणि समोर वसईतच वाढलेली, किल्ल्याचा इतिहास कोळून प्यायलेली मुलगी बसली आहे. तिला दोन्ही तह माहीत आहेत. ती अडखळते. गाइडमधली एक ओळ पाठ केलेला दुसरा मुलगा मात्र पाच सेकंदांत ‘१८०२’ म्हणून मोकळा होतो. ज्याला कमी माहीत त्याचा फायदा, ज्याला जास्त माहीत त्याचा तोटा. टीव्हीवरच्या क्विझ शोमध्ये उत्तरांवरून जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. उत्तर साफ खोटं असण्याचे प्रसंग कमी. प्रश्न अर्धवट असण्याचे जास्त.

लाइफलाइन घेतली तर?

इथे तर गंमतच होते. फिफ्टी-फिफ्टीमध्ये कॉम्प्युटर दोन चुकीचे पर्याय उडवतो आणि एक बरोबर, एक चूक ठेवतो. आपल्या प्रश्नात १८०२ च्या जोडीला नेमकं १५३४ उरलं, तर त्या मुलीची लाइफलाइन वाया गेली. तिला जो गोंधळ आधी होता तोच नंतरही आहे.

ऑडियन्स पोल घेतला तर लोक १८०२ ला मत देतील आणि ती वाचेल. पण का वाचेल? कारण ऑडियन्स पोल ‘खरं काय’ हे मोजत नाही, ‘बहुतेकांना काय वाटतं’ हे मोजतो. अमेरिकी लेखक जेम्स सुरोविकी यांनी २००४ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात याच शोच्या अमेरिकी आवृत्तीचा हिशेब दिला आहे. स्टुडिओतले प्रेक्षक ९१ टक्के वेळा बरोबर निघाले, तर फोनवरचे ‘तज्ज्ञ’ मित्र सुमारे ६५ टक्के वेळा. आकडा भारी आहे. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की हे ९१ टक्के शोच्या स्वतःच्या उत्तरांशी ताडून काढलेले आहेत.

पैशाच्या भाषेत सांगायचं तर

‘कौन बनेगा करोडपती’च्या २०१८ ते २०२१ च्या हंगामांत १० हजार आणि ३ लाख २० हजार असे दोन पडाव होते. ५० लाख जिंकलेला स्पर्धक एक कोटीच्या प्रश्नावर चुकला, की थेट ३ लाख २० हजारांवर येणार. म्हणजे एका क्लिकमध्ये ४६ लाख ८० हजार गेले. वसई-विरारच्या भाषेत सांगायचं तर एक वन बीएचके. तो प्रश्न नीट घडवलेला नसेल, तर हे नुकसान कोणाच्या खात्यात टाकायचं?

आणि एक नुकसान तर दिसतही नाही. दोन उत्तरं बरोबर वाटतात म्हणून स्पर्धक क्विट करतो. तो काही ‘चुकलेला’ नसतो. त्यामुळे वाद होत नाही, ट्वीट होत नाही, कोणी परत बोलावत नाही. अर्धवट प्रश्नाचा खरा फटका बहुधा अशाच लोकांना बसत असावा आणि तो कुठेच नोंदला जात नाही.

प्रश्न कालांतरानंही ‘खराब’ होतो

वसई कोणत्या जिल्ह्यात आहे? ३१ जुलै २०१४ पर्यंत उत्तर होतं ठाणे. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. महाराष्ट्रात जिल्हे किती? राज्य झालं तेव्हा २६, पालघर होण्याआधी ३५, त्यानंतर ३६. विरार ही नगरपरिषद की महापालिका? ३ जुलै २००९ च्या आधी विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर अशा चार वेगळ्या नगरपरिषदा होत्या, नंतर एकच महापालिका. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं असलेली गाइड अजूनही अनेक अभ्यासिकांच्या कपाटात सापडतील.

इंजिनीअरिंगमध्ये डेटाबेस शिकताना एक गोष्ट डोक्यात बसवली जाते : कोणत्याही नोंदीला तारीख हवी. क्विझच्या प्रश्नालाही तीच हवी. त्यात टीव्हीवरच्या भागाचं चित्रीकरण आधी होतं, प्रसारण नंतर, आणि ॲपवर तो भाग पुढची कित्येक वर्षं पडून असतो. प्रश्नात ‘सध्या’ हा शब्द असेल, तर तो नेमका कोणत्या दिवसाचा?

२०२१ : एका प्रेक्षकानं संसदेचा प्रश्न पकडला

आता खरा प्रसंग. सप्टेंबर २०२१ मध्ये, केबीसीच्या तेराव्या हंगामात प्रश्न आला की भारतीय संसदेची प्रत्येक बैठक सामान्यतः कशानं सुरू होते. शोनं बरोबर ठरवलेलं उत्तर होतं प्रश्नोत्तराचा तास. एका प्रेक्षकानं टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून ट्विटरवर टाकला आणि म्हटलं, लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास आधी असतो, पण राज्यसभेत शून्य प्रहर आधी असतो, तपासून घ्या.

शोचे निर्माते आणि भारतातल्या क्विझचे जुने-जाणते सिद्धार्थ बसू यांनी स्वतः उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं होतं की चूक अजिबात नाही. दोन्ही सभागृहांच्या पुस्तिका पाहा. अध्यक्षांनी किंवा सभापतींनी वेगळं सांगितलं नसेल, तर परंपरेनं बैठक प्रश्नोत्तराच्या तासानंच सुरू होते.

कोण बरोबर? लोकसभेपुरतं बसू नक्कीच बरोबर. तिथल्या कामकाजाच्या नियमांतच बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी ठेवलेला आहे. पण राज्यसभेत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून, हमीद अन्सारी सभापती असताना, प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ वाजता गेला आणि सकाळी ११ ते १२ मध्ये शून्य प्रहर आला. म्हणजे हा प्रश्न प्रसारित झाला तेव्हा त्या बदलाला जवळपास सात वर्षं झाली होती. संसद टीव्ही लावून बसणाऱ्या माणसाला तो प्रश्न खटकणं साहजिकच होतं. (जाता जाता : सप्टेंबर २०२० च्या कोविड काळातल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता.)

‘सामान्यतः’ या एका शब्दाच्या आडोशानं शो सुटला, असं आमचं मत. पण ‘संसदेची’च्या जागी ‘लोकसभेची’ लिहिलं असतं, तर वादच उरला नसता. एका शब्दाचं काम होतं.

उलट उदाहरणही याच शोमध्ये आहे, आणि तेही संसदेचंच. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे देशातले पहिले करोडपती झाले, ते या प्रश्नावर : भारतीय राज्यघटना यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी देते? पर्याय होते सॉलिसिटर जनरल, ॲटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव आणि सरन्यायाधीश. उत्तर ॲटर्नी जनरल. राज्यघटनेचं कलम ८८ काढा, लिहिलेलं आहे. प्रश्नातच ‘राज्यघटना’ हा आधार सांगितलेला आहे, त्यामुळे उद्या प्रथा बदलली तरी प्रश्न टिकतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अवघड दोन्ही आहेत, पण बांधलेला एकच आहे.

टेनिसचा तो प्रश्न, ज्यात शोच चुकला

‘केबीसी’चं मूळ असलेला ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलिनेअर’ ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी एका स्पर्धकाला विचारलं गेलं : टेनिसमध्ये एक सेट जिंकायला खेळाडूला, तात्त्विकदृष्ट्या, कमीत कमी किती फटके मारावे लागतील? पर्याय १२, २४, ३६, ४८.

त्यानं २४ सांगितलं. शोनं ‘बरोबर’ म्हटलं. हिशेब सरळ वाटतो : एका गेमला किमान चार गुण, सेटला सहा गेम, चार गुणिले सहा.

पण सर्व्हिस आळीपाळीनं असते. सहापैकी तीन गेममध्ये सर्व्हिस आपली. तिथे प्रत्येक गुण थेट एसवर घ्यायचा, म्हणजे १२ फटके. उरलेल्या तीन गेममध्ये सर्व्हिस समोरच्याची. त्यानं प्रत्येक गुणाला डबल फॉल्ट केला, तर आपण रॅकेट हलवायचीही गरज नाही. शून्य फटके. उत्तर १२.

प्रेक्षकांनी फोन करून वाहिनीला हे दाखवून दिलं. चूक मान्य झाली. मग पैशाचं काय? तो स्पर्धक पुढे जाऊन सव्वा लाख पौंड जिंकला होता, ते त्याच्याकडेच राहू दिले. चूक प्रश्न काढणाऱ्यांची, त्याची वसुली स्पर्धकाकडून कशाला, असा साधा विचार.

त्याच शोमध्ये २००६ मध्ये उलटं घडलं. इंटिरिअर डिझायनर लॉरेन्स लुएलिन-बोवेन आणि त्यांच्या पत्नी दानासाठी खेळत होते. दहा लाख पौंडांचा प्रश्न होता : लॅटिनमधून भाषांतर केल्यास अमेरिकेचं ब्रीदवाक्य काय? त्यांनी सांगितलेलं वाक्य हे अमेरिकेचं अधिकृत ब्रीदवाक्य होतं, पण ते मुळात इंग्रजीतलं. शोला हवं होतं ते नाण्यांवरचं जुनं लॅटिन वाक्य. उत्तर चूक ठरलं, ४ लाख ६८ हजार पौंड गेले. नंतर निर्मात्यांनी मान्य केलं की प्रश्न संदिग्ध होता. जोडप्याला परत बोलावलं, पाच लाख पौंडांवर परत बसवलं आणि नवा प्रश्न दिला. या वेळी त्यांनी धोका न पत्करता रक्कम घेऊन खेळ थांबवला.

अमेरिकेतही एका स्पर्धकाला २००१ मध्ये असंच परत बोलावण्यात आलं. जनुकीय बदल केलेल्या भाजीविषयीच्या एका प्रश्नावर तो बाद झाला होता. त्यानं आक्षेप घेतला, शोनं दुसरी संधी दिली, आणि तो माणूस १८ लाख ६० हजार डॉलर जिंकून घरी गेला.

दाद लावून धरणाऱ्यांना तिथे काही मिळालं. पण हे सगळं निर्मात्यांच्या मर्जीनं, कराराच्या चौकटीत. अशा शोच्या नियमावलीत सहसा एक ओळ असतेच की निर्मात्यांचा निर्णय अंतिम.

परीक्षेत हरकत घेता येते, मग इथे का नाही?

एमपीएससी देणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पेपर झाला की पहिली उत्तरतालिका येते, उमेदवार पुराव्यासह हरकती नोंदवतात, तज्ज्ञ तपासतात, मग अंतिम उत्तरतालिका. काही प्रश्न रद्द होतात, काहींचं उत्तर बदलतं. ‘नीट’सारख्या परीक्षांत एनटीए एका प्रश्नावरच्या हरकतीला २०० रुपये घेते. पद्धतीवर कितीही टीका करा, दार तरी आहे.

हे दार आपल्याकडे कसं उघडलं, त्यात एक मराठी धागा आहे आणि तो फार लोकांना माहीत नसतो.

१९८३ साली उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता. बहुपर्यायी प्रश्नांची विद्यापीठानं ठरवलेली काही उत्तरंच पाठ्यपुस्तकांशी जुळत नव्हती. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या चंद्रचूडांनी. त्यांनी तत्त्व घालून दिलं की उत्तरतालिका बरोबर आहे असंच आधी धरायचं. ती चूक आहे हे ओढूनताणून तर्क लावून चालणार नाही, स्वच्छ दिसलं पाहिजे. पण तसं दिसलं, तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करता येणार नाही. शिवाय विद्यापीठांना सूचनाही केल्या : उत्तरतालिका जाहीर करा, संदिग्ध प्रश्न टाळा, आणि कोणी संदिग्धता दाखवून दिली तर तो प्रश्न वेळीच वगळा.

त्यानंतर ४१ वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, पुन्हा वैद्यकीय प्रवेश परीक्षा आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालय. ‘नीट’च्या भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये अणूवरचा एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक पर्याय बरोबर, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरा. एनटीएनं दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले. पैकीच्या पैकी म्हणजे ७२० गुण मिळवणाऱ्या ६७ जणांपैकी ४४ जण या एका प्रश्नामुळे तिथे पोहोचले होते. न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अहवाल आला : बरोबर उत्तर एकच, चौथा पर्याय. चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण बदलले. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

वडील आणि मुलगा, दोघांच्याही समोर चार पर्यायांचा प्रश्न आणि दोन बरोबर वाटणारी उत्तरं. केबीसीत हा प्रश्न आला तर कोणी खोटाच आहे म्हणेल.

मधल्या काळात न्यायालयं थोडी आखडलीही. डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंका असेल तर तिचा फायदा उमेदवाराला नाही, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यायचा; न्यायाधीशांनी स्वतः पेपर तपासत बसू नये. थोडक्यात, परीक्षेतही झुकतं माप उत्तरतालिकेलाच.

मग टीव्ही शोला हे लागू होतं का? थेट नाही. परीक्षा सार्वजनिक संस्था घेते, तिला समानतेचं तत्त्व पाळावं लागतं. टीव्ही शो हा खासगी करार. हा फरक कायद्यात पक्का आहे. तरी कायद्यानं सक्ती नसलेली चांगली सवय लावून घ्यायला कोणाची हरकत असते? प्रत्येक भागानंतर वादग्रस्त प्रश्न आणि त्यांचे आधार ॲपवर टाकणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. प्रश्न निवडताना संशोधन टीमनं हे आधार कुठेतरी लिहून ठेवलेलेच असणार. फक्त प्रेक्षकाला ते दिसत नाहीत.

सीलबंद उत्तराशी जुळवाजुळव म्हणजे ज्ञान की नशीब?

हा प्रश्न मुंबईनं टीव्ही येण्याआधीच विचारला होता. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं मोठं खूळ होतं. फी भरा, कूपन कापा, कोडं भरून पाठवा. आर. एम. डी. चमारबागवाला यांची अशीच एक स्पर्धा बंगळुरूला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून चालायची आणि मुंबई राज्यातूनही तिला भरपूर प्रवेशिका जायच्या. मुंबई सरकारनं तिच्यावर कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५७ मध्ये सरकार जिंकलं.

आयोजकांचं म्हणणं होतं की हा कौशल्याचा खेळ आहे. न्यायालयाला ते पटलं नाही. एकाच सूत्राला दोन शब्द बसतात आणि त्यातला कोणता ‘बरोबर’ हे आधीच ठरवून सीलबंद ठेवलेल्या उत्तरावर अवलंबून असेल, तर स्पर्धकाची हुशारी काय कामाची? तो जुगारच.

केबीसीसारखा शो जुगार आहे, असं कोणी म्हणत नाही. तिथे बहुतेक प्रश्नांना खरोखरच एकच उत्तर असतं. पण ‘वसईचा तह कधी झाला’ अशा प्रश्नावर पोचलं, की त्या एका प्रश्नापुरता खेळ शब्दकोड्याच्या कूपनाइतकाच खाली येतो. इतिहास माहीत असून उपयोग नाही, प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कोणता तह होता ते ओळखायचं.

केबीसीवर एक खटला मात्र खरोखर झाला, तो प्रेक्षकांच्या एसएमएसवरून. २००७ मध्ये शाहरुख खानच्या हंगामात घरबसल्या उत्तर पाठवायची ‘हर सीट हॉट सीट’ स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे, दर भागाला दोन लाखांचं बक्षीस, बरोबर उत्तर देणाऱ्यांतून सोडतीनं एक विजेता. स्पर्धा फुकट असल्याचं भासवलं, पण बक्षिसाचे पैसे एसएमएसमधूनच वसूल केले, अशी ग्राहक संघटनेची तक्रार. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये स्टार आणि एअरटेलला एक कोटीचा दंडात्मक भुर्दंड लावला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. बक्षिसाचे पैसे एसएमएसमधूनच आले, हे पुराव्यानं सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

वाद आणि लबाडी यांत गल्लत नको

उत्तरावर वाद झाला की सोशल मीडियावर लगेच ‘सगळं फिक्स आहे’ सुरू होतं. फिक्सिंग ही वेगळी गोष्ट आहे. ती घडलेली आहे, १९५० च्या दशकात अमेरिकेत. ‘ट्वेंटी-वन’ या शोमध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या प्राध्यापकाला उत्तरं आधी पुरवली गेली. त्याच्यासमोरच्या हर्बर्ट स्टेम्पेलला हरायला सांगितलं होतं, तेही त्याला माहीत असलेल्या, आवडत्या सिनेमाच्या प्रश्नावर. १९५९ मध्ये व्हॅन डोरेननं संसदीय समितीपुढे कबुली दिली आणि पुढच्या वर्षी असे शो फिरवणं अमेरिकेत गुन्हा ठरलं. ब्रिटनमध्ये २००१ साली एका मेजरनं बरोबर पर्यायावर खोकणाऱ्या साथीदाराच्या मदतीनं दहा लाख पौंड ‘जिंकले’, ते त्याला मिळालेच नाहीत, २००३ मध्ये तो दोषी ठरला. यात उत्तरांबद्दल वाद कुठेच नव्हता. उत्तरं सगळी बरोबरच होती.

आपल्याकडे आणखी एक तिसराच प्रकार होतो, तो म्हणजे पर्यायांवरचा वाद. नोव्हेंबर २०१९ मध्ये केबीसीच्या एका प्रश्नात औरंगजेबाला ‘मुघल सम्राट’ म्हटलं आणि पर्यायात महाराजांचं नाव नुसतं एकेरी आलं. महाराष्ट्रात संताप झाला, वाहिनीनं खेद व्यक्त केला, अमिताभ बच्चन यांनीही माफी मागितली. पुढच्याच वर्षी २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोणता ग्रंथ जाळला, या प्रश्नावर औसाचे आमदार अभिमन्यू पवार यांनी लातूर पोलिसांकडे तक्रार केली. चारही पर्याय एकाच धर्मातले का, हा त्यांचा आक्षेप. महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे उत्तर वादातीत आहे. पहिल्या प्रसंगात शोची चूक उघड होती. दुसऱ्यात मात्र पर्याय एकमेकांच्या जवळचेच हवेत हा क्विझचा साधा नियम पाळला गेला होता, असं आम्हाला वाटतं.

आणि ‘स्लमडॉग मिलिनेअर’ विसरून चालणार नाही. ऑस्कर गाजवणाऱ्या त्या सिनेमात एका भजनाचा कवी विचारला आहे आणि उत्तर सूरदास धरलं आहे. ते भजन १९५७ च्या ‘नरसी भगत’ चित्रपटातलं, लिहिलेलं गोपालसिंह नेपाळी यांनी. त्यांच्या कुटुंबीयांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सिनेमातला जमाल पोलिसांच्या हातचा मार खातो तो फसवणुकीच्या संशयावरून. चुकलेला प्रश्न मात्र कोणालाच पकडता आला नाही.

तुम्हाला चूक दिसली तर?

आधी प्रश्न जसाच्या तसा वाचा. ‘सामान्यतः’, ‘सध्या’, ‘पहिला’, ‘यांपैकी’ हे शब्द दिसले की थांबा. ‘यांपैकी सर्वांत जुना कोणता’ याचा अर्थ जगात सर्वांत जुना असा नाही, चारपैकी. निम्मे वाद इथेच मिटतात.

तरी चूक वाटली, तर प्रसारणाची तारीख, प्रश्नाचा फोटो आणि मूळ आधार सोबत हवा. विकिपीडियाचा स्क्रीनशॉट हा आधार नव्हे. नियमपुस्तिका, राजपत्र, विश्वकोश, संशोधकाचा ग्रंथ चालेल. जून २०२१ मधल्या केबल टीव्ही दुरुस्ती नियमांप्रमाणे प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्याही वर केंद्र सरकारच्या समितीकडे जाता येतं. हे नियम मुख्यतः आक्षेपार्ह मजकुरासाठी आहेत, उत्तरतालिकेवरच्या हरकतींसाठी नाहीत. पण चुकीच्या माहितीची लेखी तक्रार करायला त्यातला पहिला टप्पा पुरतो.

आणि कधी स्वतः हॉट सीटवर बसायची वेळ आली, तर करार सही करण्याआधी एकच कलम शोधा : प्रश्न सदोष निघाला तर पुन्हा संधी मिळेल का, आणि ते किती दिवसांत कळवायचं. चित्रीकरणानंतर प्रसारणापर्यंत भागाबद्दल बाहेर बोलायला सहसा बंदी असते, त्यामुळे त्या मधल्या काळात ट्वीट करून उपयोग नाही. शंका आली असेल तर स्टुडिओतून बाहेर पडण्याआधीच ती लिहून द्या आणि पोच घ्या.